तिसरी लेन्स

“हीपण परत घे,” मी लेन्स काउंटरवर ठेवली. “कॅमेऱ्याची कंपनी सोडून दुसऱ्या कंपनीच्या झूम लेन्स म्हणजे नुसता कचरा! महिन्यात ही तिसरी. एक फोटो धड येत नाही.” उपांत्य सामन्याचे माझे फोटो संपादकांनी हललेले म्हणून फेकले होते. रविवारी अंतिम सामना होता. तोही हातचा गेला, तर नोकरीवर पाणीच सोडायचं. दुकानदाराने तीच लेन्स कॅमेऱ्याला लावली आणि तो दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेला. “दादा, अजिबात हलू नका.” मी श्वाससुद्धा रोखून धरला. फोटो काढून त्याने कॅमेरा माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर माझ्या दाढीचे खुंटही मोजता येत होते. “मग माझ्याच वेळी काय होतं हिला?” त्याने स्क्रीनवरचा फोटो खाली सरकवला. काउंटरवर टेकलेला उजवा हात तेवढा पुसट आला होता. तो खिशात कोंबत मी म्हणालो, “चौथी दाखव.”