दुखणं थांबवणारी पिशवी

"दुखतंय का, बाबा?"

"छे गं. मला पाय आहे हेच विसरायला होतंय," हॅल्वर म्हणाले आणि त्यांनी वॉकर पुढे सरकवला.

कारी त्यांच्या मागोमाग चालली. खुबा बदलून ते शुक्रवारीच घरी आले होते. इस्पितळाने गळ्यात अडकवायची एक पिशवी दिली होती. आत औषधाचा फुगा, त्यातून निघालेली बारीक नळी थेट खुब्याजवळच्या नसांपाशी. नसाच बधिर, मग दुखणं कळणार कुणाला? औषध संपलं की नळी ओढून फेकून द्यायची. पिशवी हॅल्वर जाड गाऊनच्या आत ठेवत आणि कुणी विचारलं की वरून थोपटून दाखवत.

तरी कारीला धाकधूक होतीच. मिनेसोटातले हे नॉर्वेजियन म्हातारे, अंगावरून ट्रॅक्टर गेला तरी 'तसं बरंय' म्हणतील. म्हणून तर तिने अट घातली होती. आई, बोर्गिल्ड, हल्ली सगळं विसरायची. पेटता स्टोव्ह, घरचा रस्ता, कधीकधी कारीलासुद्धा. सोमवारी तिला वृद्धाश्रमात न्यायचं ठरलं होतं. रविवारपर्यंत बाबांना उभं राहून तिचं सगळं करता आलं, तरच आई घरी राहणार.

"तिथे रात्री जाग आली तर ती कुणाला हाक मारेल?" बाबांनी एवढंच विचारलं होतं. पण कारीने अट सोडली नाही.

आज रविवार. हॅल्वरनी कॉफी केली. बटाट्याच्या पातळ पोळीसारखा लेफ्सा गरम केला, लोणी-साखर लावून गुंडाळला आणि बायकोच्या हातात दिला.

"एवढा घाम कसला आलाय?" कारीने विचारलं.

"स्टोव्हपाशी उभी राहा, म्हणजे कळेल."

आईही शहाण्यासारखी खात बसली होती. शुक्रवारी नवऱ्याचं बघून तिनेही 'माझा पाय तुटतोय गं' म्हणत घर डोक्यावर घेतलं होतं. विसरली असेल बिचारी, कारीला वाटलं.

शेवटी तिने वृद्धाश्रमाला फोन लावला आणि जागा नको म्हणून सांगितलं. हॅल्वर टेबलाची कड धरून उभेच होते. त्यांचे डोळे भरून आले.

"उपकार झाले, पोरी."

"माझे कसले? त्या औषधाचे माना," कारी म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटत होतं.

आईच्या स्वेटरवर कॉफी सांडली होती. तो बदलायला म्हणून कारी तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. वरची दोन बटणं काढली आणि तिचा हात तिथेच थबकला. आत, आईच्या गळ्यात, बाबांची पिशवी होती. तिची नळी आईच्या कमरेवर नुसती वरून, पट्टीने नीट चिकटवलेली होती.

"काढू नकोस हं," आई घाबरून म्हणाली. "ह्यांनी लावून दिलीय मला. तेव्हापासून पाय अगदी दुखायचा थांबलाय बघ."