खुणेचा कागद

"पुस्तक उलटं धरायचं, पाठीला हात द्यायचा आणि हलकेच झटकायचं," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "लोक पुस्तक परत करतात; स्वतःला मात्र थोडं आत विसरून जातात."

शनिवारी सकाळी मुलांना हे काम मिळे. परत आलेलं पुस्तक कपाटात जाण्याआधी तपासायचं. काही सापडलं तर चिठ्ठीवर पानाचा आकडा लिहून, ती जोडून, पत्र्याच्या डब्यात ठेवायचं. डब्यात तिकिटं होती, केसांचे आकडे होते, एक पीस होतं.

"बाई, माझ्या नशिबी आजही केसच," चष्मेवाली पुटपुटली. "टकल्यांनीच वाचावीत पुस्तकं."

"केसही चुगली करतो गं. पान लिही."

चष्मेवालीच्या शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलीने ढिगातून तपकिरी कव्हराचं जाड पुस्तक ओढून घेतलं. तासाभरापूर्वी तिला इथे सोडताना बाबांनी तीन पुस्तकं टेबलावर ठेवली होती, त्यांतलं हे एक. बाबांची पुस्तकं इतर कुणी झटकू नयेत, असं तिला वाटत होतं. तिने ते उलटं धरलं. पाठीला हात दिला.

घडी घातलेला एक कागद अर्धा बाहेर आला. त्या पानात बोट ठेवून तिने तो उघडला. त्यावर तिनेच काढलेली मांजर होती. एका बाजूला सहा मिशा, दुसऱ्या बाजूला चार; कारण तिथे कागद संपला होता.

आई दूरच्या शहरात राहत होती. मुलीने लिहायचं आणि बाबांनी टपालात टाकायचं, असं ठरलेलं होतं. मांजरीचं हे पत्र बाबांकडे देऊन पंधरा दिवस झाले होते. आईचा कचेरीत फोन आला, मांजर पाहून ती इतकी हसली की तिला ठसका लागला, असं बाबांनी जेवताना सांगितलं होतं. तो ठसका मुलगी तेव्हापासून रोज अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत आली होती.

मांजरीच्या पोटावर चहाच्या कपाचा गोल डाग पडला होता.

"काय सापडलं गं?" बाईंनी विचारलं.

"खुणेचा कागद."

"कितवं पान?"

पानात तिचं बोट अजून तसंच होतं. "एकशे बारा."

तिने आकडा लिहिला, वळणदार. चिठ्ठी जोडली. कागद डब्यात ठेवला.

दारात बाबा आले, हातात भाजीची पिशवी. "चला पिल्लू. नवं पत्र झालं ना लिहून? दे, वाटेत पेटीत टाकतो."

फ्रॉकच्या खिशातल्या पत्रावर तिने तळहात दाबून धरला. दुसऱ्या हाताने डब्यातला कागद काढून पुढे केला.

"तू एकशे बाराव्या पानावर होतास."

बाबांनी आधी आकडा पाहिला, मग मांजर. पिशवी खाली टेकली.

"अगं, तसं नाही. मी टाकणारच होतो, पण तुझी आई..." त्यांचा आवाज चढला. "ऐकून तरी घे."

"शू," ती म्हणाली. "इथे हळू बोलायचं असतं."

ढिगात बाबांची आणखी दोन पुस्तकं होती. तिने त्यांतलं वरचं उचललं, उलटं धरलं आणि पाठीला हात दिला.