वर्गातली दुसरी मुलगी
१९६९ साली सुरतेत एम.एस्सी.ला अमूर्त बीजगणित घ्यायचं कुमुदने ठरवलं, तेव्हा बँकेत असलेल्या तिच्या वडिलांनी एकच अट घातली. "वर्गात सगळे मुलगेच. वत्सला बरोबर असेल तरच जा." शेजारची वत्सला तिची शाळेपासूनची मैत्रीण. "मी आहे ना, काका," असं म्हणत तिने कुमुदचा हात हातात घेतला. पहिल्या दिवशी कुमुद बाकावर तिची जागा धरून बसली, पण वत्सला आलीच नाही. सरांच्या हजेरीत तिचं नावही नव्हतं. तास संपल्यावर ती संख्याशास्त्राच्या वर्गातून बाहेर पडताना दिसली. "अगं, यात नोकरी लवकर लागते," वत्सला नजर चुकवत म्हणाली. "मागच्याच महिन्यात विषय बदलला. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस." "रडले असते," कुमुद म्हणाली, "पण घरी काय सांगायचं ते तरी ठरवलं असतं." दुसऱ्या दिवशी ती एकटीच जाऊन पहिल्या बाकावर बसली. "केम बेन, एकलां?" आज एकटीच का, असं सरांनी गुजरातीत विचारलं. ती वही उघडून फळ्यावरची बीजगणितातल्या 'ग्रुप'ची व्याख्या उतरवून घेऊ लागली. संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "दोघी शेजारीच बसता ना?" "हो," ती म्हणाली. वडिलांशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती, आणि त्यासाठीही तिला राग आला तो वत्सलाचाच.