नवऱ्याची उजळणी

“नवरा चहा कसा घेतो?” रूहीनं कागदावरचा सातवा प्रश्न वाचला.

“बशीत ओतून. तीन चमचे साखर,” शमीम लगेच म्हणाली. यात विचार कसला करायचा? आल्लापल्लीच्या आरागिरणीवरून वाजिद दुपारी घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांपर्यंत सागवानाचा भुसा असायचा. बशीवर फुंकर घालायला वाकला की भुसा चहात पडायचा, आणि तो तसाच पिऊन टाकायचा. तिला इंटरव्ह्यू घेणाऱ्या साहेबाला हेही सांगायचं होतं.

रूहीनं मान हलवली. “साखर बंद आहे, अम्मी. शुगर निघाली ना अब्बूले. आता काळी कॉफी घेतात, कागदाच्या गिलासात.”

काळी कॉफी, कागदाचा गिलास. शमीमनं मनातल्या मनात घोकलं.

गुरुवारी मुंबईला तिचा इंटरव्ह्यू होता. नऊ वर्षांपूर्वी सुतारकामासाठी अमेरिकेला गेलेल्या वाजिदला तिथं कायमचं राहण्याचं कार्ड मिळालं होतं आणि बायकोला बोलावण्याची फाईल एकदाची पुढे सरकली होती. नागपूरच्या एजंटानं बजावून ठेवलं होतं, की वकिलातीतला साहेब नवऱ्याबद्दल बारीकसारीक विचारतो. उत्तरं चुकली आणि लग्न नावापुरतंच आहे असं त्याला वाटलं, तर फाईल तिथंच बंद. म्हणून चंद्रपूरला दिलेली रूही चार दिवसांसाठी माहेरी आली होती आणि आईची शिकवणी घेत होती. बापाला फोनवर विचारून विचारून तिनं चार पानं भरून आणली होती.

पण आईची गाडी प्रत्येक प्रश्नाला अडत होती. जेवणात काय आवडतं? दोन्ही वेळा भात. चूक, डॉक्टरनं भात सोडायला लावून दोन वर्षं झाली. काम काय करतो? सागवानी चौकटी, पलंग, झोपाळे. चूक, आता तो लोकांच्या स्वयंपाकघरात कारखान्यातून आलेली तयार कपाटं ठोकत होता. मिशीसुद्धा गेली होती. शमीमला नवरा तोंडपाठ होता, पण जुन्या अभ्यासक्रमातला.

दहाव्या प्रश्नाला तिनं रूहीच्या हातातला कागद घेऊन खाली ठेवला. तिला रडू येत होतं आणि मुलीसमोर रडायची लाजही वाटत होती.

“मले आठवते ते सांगितलं तर नापास,” ती म्हणाली. “अन् हे सांगतो तर दुसऱ्याच कोनाच्या नवऱ्याचं सांगून राह्यली, असं वाटते.”

रूही आईच्या पाठीवरून हात फिरवत बसली. तेवढ्यात फोन वाजला. रविवार सकाळ म्हणजे वाजिदचाच.

आधी कागदपत्रांची विचारपूस झाली. निकाहनाम्याच्या दोन प्रती घेतल्या का, फोटो घेतले का, डॉक्टरचा कागद आला का. शमीम हो हो म्हणत राहिली. मग मध्येच तिनं विचारलं, “सकाळपासून मीच उजळणी करून राह्यली. तुमाले माह्याबद्दल विचारलं तर काय सांगसान?”

वाजिद हसला. आवाज तेवढा जुनाच होता. नुसता तो ऐकून तिला बरं वाटलं.

“तुह्यं सारं पाठ आहे मले. तू एकटी बसमधी चढत नाई. आष्टीले जाचं असलं तरी माही बाही धरून बसते. म्हनून तर मले फिकर लागून राह्यली, मुंबईले कशी पोचशीन.”

फोनचा आवाज मोठा होता, शेजारी बसलेल्या रूहीलाही ऐकू गेलं. तिनं आईकडे पाहिलं. या नऊ वर्षांत शमीम पासपोर्टासाठी नागपूरला तीन खेपा एकटी करून आली होती. रूहीच्या बाळंतपणाला भर पावसात दोन बस बदलून रात्रीच्या आत चंद्रपूरला पोचली होती. मुंबईचं तिकीटही तिनं एकटीचंच काढलं होतं, आणि रूहीचा नवरा सोबत येतो म्हणाला तर त्याला नको म्हणून सांगितलं होतं.

“अब्बू, अम्मी तर...” रूही फोनकडे झुकली.

शमीमनं तिच्या तोंडावर हलकेच हात ठेवला.

“बरोबर,” ती फोनमध्ये म्हणाली. “पास झाले तुमी.”