खासगीत विचारलं

माझा भाऊ रिफअत कैरोच्या एका पोलीस ठाण्यातून अकरा दिवसांनी सुटून आला, तेव्हा त्याच्या उजव्या हाताला एकही नख उरलं नव्हतं. त्याच्या शेजारी हुकाला टांगलेला विद्यार्थी तर त्याच्या डोळ्यांदेखत मेला होता.

आमच्या पोलिसांना बंदुका पुरवणाऱ्या मित्रदेशाच्या वकिलातीत एक बाई होत्या. मानवी हक्कांवर त्या फार कळकळीने बोलायच्या. मीच रिफअतला त्यांच्याकडे नेलं. त्याने सगळं सांगितलं, मारणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावासकट. ऐकताना बाईंचे डोळे भरून आले.

"माझं नाव कुठे येणार नाही ना, मादाम?" रिफअतने विचारलं.

"तुमचं सरकार आमचं मित्र आहे. आम्ही त्यांना फक्त खासगीत विचारू. तुम्ही निर्धास्त राहा."

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही न्याहारीला बसलो होतो आणि दार फुटलं. तोच अधिकारी आत आला. बंदुकीच्या दस्त्याचा पहिला घाव रिफअतच्या तोंडावर बसला, दोन दात भाकरीवर पडले. मग अधिकाऱ्याने खिशातून एक पत्र काढून त्याच्या नाकासमोर नाचवलं.

"काय रे शहाण्या, परदेशी मावशीकडे चुगल्या करतोस? बघ, तिच्याच वकिलातीने विचारलंय, रिफअत म्हणतो ते खरं आहे का!"

त्याने माझ्यासमोर रिफअतवर तीन गोळ्या झाडल्या.

महिन्याभराने बाईंचा फोन आला. आवाजात सुटकेचा आनंद होता.



"मंत्रालयाचं उत्तर आलंय. तुमच्या भावाची आता काहीच तक्रार नाही म्हणतात. बरं झालं, नाही का?"