आमदारांची बग्गी

तार वाचून आर्ची टेटनी ती खिशात टाकली आणि ते बग्गीत चढले. स्टेशनमास्तर पीबल्स चाकाशी घुटमळला.

"साहेब, आज मी जाऊ का सांगायला?"

"नको. सभेत उभं राहून पोरं मीच मागितली. सांगायलाही मीच जायचं."

सॅस्कॅचवान प्रांतातल्या त्या मुलखानं टेटना तीनदा विधानसभेवर धाडलं होतं. पूल, शाळा, रेल्वेचा फाटा, सगळं त्यांनी भांडून आणलं. मग युद्ध आलं, आणि त्यांची भाषणं ऐकून घरोघरची पोरं फ्रान्सला गेली. आता पोर गेल्याची तार साहेब स्वतः घरी पोचवत; त्यांची बग्गी दिसली की बायका हातातलं काम टाकून फाटकाशी येत.

घोडी गव्हाच्या शेतांमधून आपल्या चालीनं निघाली. टेट मनात वाक्यं जुळवत होते. या आईला काय सांगायचं? सभेच्या आदल्या दिवशी तिनं विनवलं होतं, "पोरगा लहान आहे अजून. त्याला तेवढं सोडा." तेव्हा चार मोठ्या गोष्टी बोलून त्यांनी तिला गप्प केलं होतं. ते आठवून त्यांचा जीव तुटत होता.

हॅल्वर्सनांच्या फाटकाशी ग्रेटा उभी होती. तिच्या हातातली बादली निसटली.

"आमचा का?"

"नाही, ग्रेटाबाई. तुमचा नाही."

ती फाटक धरून खालीच बसली. रडता रडता एकदम उसळली. "या खेपेला आम्हा बायकांनाही मत आहे, साहेब! तुम्हाला घरी बसवते की नाही बघा."

"बसवा," टेट म्हणाले. ते अगदी मनापासून म्हणाले.

पुढं लिडगेटांचं घर. म्हाताऱ्यानं ओट्यावरून नुसतं बघितलं. टेटनी नकारार्थी मान हलवली. म्हातारा देवाचं नाव घेत आत गेला.

रस्ता संपला तिथं शेवटचं घर होतं. बग्गीचा आवाज ऐकून बाई पिठाचे हात पुसत दारात आली. टेटनी हॅट काढली. त्यांचा चेहरा पाहून ती समजली.

"आज पुन्हा तार आली ना? थांबा, शाल घेते. मीही येते बरोबर. त्या आईजवळ कुणीतरी बाईमाणूस हवं."

"शाल राहू दे, इसोबेल," टेट म्हणाले. "आपला पोरगा गेला. आपला जेमी."