राखलेली जागा

आतल्या खोलीत पेल्यावर चमचा वाजला. टिंग. मग पुन्हा टिंग.

धाकटी जाऊ नुकतीच कारखान्यातून आली होती. घर इतकं गप्प होतं, की सगळी झोपली असतील असं समजून ती ओट्याला टेकून उभ्याउभ्याच जेवत होती. तोंडातला घास तसाच गिळून ती आत गेली.

कॉटवर थोरली जाऊ दोन उशांना टेकून बसली होती, आणि तिच्या मांडीला चिकटून भिंगरी, धाकटीची पाच वर्षांची लेक. दोघींनी ओठ घट्ट मिटलेले. थोरलीने डोळ्यांनीच रिकामा पेला दाखवला.

"काय हवंय? पाणी?" धाकटीने विचारलं.

"आई बोलली! आई हरली!" भिंगरी टाळ्या पिटत कॉटवर नाचायला लागली. थोरलीही हसत सुटली. "अगं, मुक्याचा खेळ चाललाय आमचा. जो पहिला बोलेल तो हरला."

"मी खेळतच नव्हते," धाकटी म्हणाली आणि पेला घेऊन पाणी आणायला वळली.

गेल्या महिन्यात थोरली कॉलरच्या मशीनवर बसल्याबसल्याच भोवळ येऊन पडली. सहा दिवसांच्या आठवड्याचे सात केले होते तिने, तेही रोज बारा-बारा तास. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब चढलाय, हृदय थकलंय, आता नुसतं पडून राहायचं. पण कारखान्यात मशीन रिकामं ठेवत नाहीत. फाटकाशी बायका उभ्याच असतात. घरातलं कुणी येऊन बसलं तरच जागा राहते. म्हणून धाकटी दिवसभर स्वतःच्या मशीनवर शर्टांची काजं करायची, तासाभरासाठी घरी यायची आणि थोरलीच्या मशीनवर कॉलर शिवायला परत जायची.

"जरा टेक की गं," थोरली म्हणाली. "किती उतरलंय तोंड तुझं."

"टेकते कुठली, ताई. तुमची जागा कोण राखणार?"

थोरलीचं हसू मावळलं. "कसं फेडू गं तुझं? पडून पडून माझी तर पाठ आंबून गेली."

पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसापुढे ढेकर द्यावा तसं ते धाकटीला लागलं. तोंडाने मात्र ती म्हणाली, "पडा हो तुम्ही निवांत." त्यातला 'निवांत' जरा कडकच निघाला.

मग भिंगरीच्या केसांकडे तिचं लक्ष गेलं. डोक्यावर चार बारीक वेण्या, चारही एकसारख्या, टोकांना काजांच्या उरल्यासुरल्या दोऱ्यांची फुलं. "ये, नीट एक वेणी घालून देते."

"नको! मोठीआईने घातल्यात. तू ओढतेस." भिंगरीने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

"ओढत नाही गं ती. घाई असते तिला," थोरली म्हणाली. धाकटीला वाटलं, लेक ओढतेस म्हणाली ते परवडलं. तिची बाजू थोरलीने घ्यायला नको होती.

थोरलीला अंघोळीला जायचं होतं. भिंगरीने तिचा हात धरला. "हळू हं मोठीआई. भिंत धर," असं बजावत ती तिला न्हाणीघरापर्यंत घेऊन गेली आणि दाराबाहेर पहारा देत बसली. धाकटीसाठी आजवर एवढी काळजी तिने कधी दाखवली नव्हती. पण धाकटी तिच्या हाती लागणार तरी कधी?

चादर नीट करायला म्हणून धाकटी वाकली. गादी अजून उबदार होती. केसांच्या तेलाचा वास होता, आणि त्यात भिंगरीचाही. ती काठावर बसली. मग पाय वर घेतले. पाय सुजले होते, चपलेच्या पट्ट्यांचे वळ उमटले होते. एकच मिनिट, म्हणून तिने उशीवर डोकं टेकलं.

छाती धाडधाड वाजत होती. कानाखाली उशीतसुद्धा ठोके ऐकू येत होते. बोटं आपोआप हलत होती, जणू कापड अजून सुईखाली सरकतंय. दोन बोटं तर परवापासून बधिर होती. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर दोन्ही मशीनं रिकामी पडणार.

भोवळ हिलाच का आली? तिच्या मनात आलं. आपल्याला आली असती तर? मोठी नको. बेताचीच. एका गादीपुरती. आपल्या मनात आलेल्या त्या शब्दांनी ती स्वतःच दचकली. पण उठवेना. घड्याळाकडेही बघवेना.

दारात पावलं थांबली. भिंगरी टॉवेल न्यायला आली होती. आईला कॉटवर पाहून तिचा चेहरा असा उजळला, की धाकटीने घाईघाईने उठायचं म्हटलं तरी तिला उठता येईना.

"आई... तूपण?"

ती चवड्यांवर चालत जवळ आली. चादर आईच्या गळ्यापर्यंत ओढली, कडा दोन्ही बाजूंनी नीट आत खोचल्या. कपाळावर इवलासा तळवा ठेवला आणि मान डोलावली, मोठ्या माणसासारखी.

"आता उठायचं नाही हं. डॉक्टर रागावतात."

मग ती आईच्या कानाशी वाकली. तिचा श्वास गालाला लागत होता.

"आई, तू लवकर बरी नाही ना होणार?"